साइक्स : ओहळाकाठच्या एका आडनावाचा माग

ब्रायन साइक्स हे ऑक्सफर्ड विद्यापीठातले जनुकशास्त्रज्ञ होते. जुन्या हाडांमधून डीएनए मिळवता येतो हे १९८९ साली दाखवून देणाऱ्या संशोधकांपैकी एक. १९९०च्या दशकात ग्लॅक्सो वेलकम या औषध कंपनीत त्यांचे व्याख्यान ठरले, तेव्हा त्यांना एक साधा प्रश्न विचारला गेला. कंपनीचे अध्यक्ष सर रिचर्ड साइक्स तुमचे कोणी लागतात का? दोन्ही घरांत तसे नाते कोणाच्या ऐकिवात नव्हते. 'नाही' म्हणून विषय तिथेच संपला असता. पण वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जसेच्या तसे जाते आणि इंग्लंडात आडनावही त्याच वाटेने जाते, हे ब्रायन साइक्स यांना चांगले ठाऊक होते. त्यांनी सर रिचर्ड यांच्याकडून गालाच्या आतल्या पेशींचा नमुना मागवला आणि आपल्या नमुन्याशी ताडून पाहिला. वाय गुणसूत्राचे दोन्ही ठसे जुळले.

या एका जुळण्यातून पुढे एक छोटा पण फार गाजलेला अभ्यास उभा राहिला. आडनावाचा अर्थ आणि उगम शोधणाऱ्या कोणालाही तो बारकाईने पाहण्यासारखा वाटेल, कारण त्यात भाषा, जमीन, जुनी दप्तरे आणि रक्ताचे नाते या चारही साक्षी एकाच नावावर येऊन भेटतात. त्या चारही एकमेकींना पूर्ण दुजोरा देत नाहीत, आणि प्रकरणाचा खरा जीव तिथेच आहे.

नाव काय सांगते

कोणताही इंग्रजी आडनावांचा कोश उघडला तर साइक्सचा अर्थ चटकन सापडतो. साइक म्हणजे लहान ओहळ. पाणथळ, दलदलीच्या जमिनीतून झिरपून निघालेला, शेताच्या कडेने वाहणारा, उन्हाळ्यात कधी आटणारा पाण्याचा बारीक प्रवाह किंवा चर. अशा ओहळापाशी ज्याचे घर, तो साइक. यॉर्कशायर, कंब्रिया आणि स्कॉटलंडचा सीमाभाग इथल्या बोलीत हा शब्द अजून जिवंत आहे, नकाशांवरही छोट्या ओढ्यांच्या नावांत दिसतो.

शब्दाचे रूपच त्याचा मुलूख सांगून जाते. जुन्या इंग्रजीतल्या या शब्दाच्या शेवटी असलेला 'क' मध्य आणि दक्षिण इंग्लंडात मऊ होऊन 'च' झाला, म्हणून तिकडे 'सिच' हे रूप आणि सिच हेच आडनाव आढळते. उत्तरेत मात्र 'क' टिकला. इसवी सन ८६६ मध्ये डेन लोकांनी यॉर्क घेतले आणि पुढची जवळपास ९० वर्षे, ९५४ पर्यंत, त्या प्रदेशावर कमीअधिक प्रमाणात स्कँडिनेव्हियन सत्ता होती. त्यांच्या भाषेतही 'सीक' हा जवळचाच शब्द होता, अर्थ चर किंवा खंदक. दोन्ही भाषा शेजारी नांदल्या आणि कठोर उच्चार तगला. चर्च आणि किर्क, डिच आणि डाइक या जोड्यांतही हाच प्रकार झाला आहे.

इथे एक खबरदारी सांगायला हवी, कारण आडनावांचा अर्थ सांगणाऱ्या लेखनात ही चूक वारंवार होते. शब्द स्कँडिनेव्हियन वळणाचा आहे म्हणून माणूस व्हायकिंगांचा वंशज ठरत नाही. तेराव्या शतकातला यॉर्कशायरचा शेतकरी आपल्या घराशेजारच्या ओहळाला साइक म्हणत होता, कारण त्याच्या गावात सगळेच त्याला साइक म्हणत होते. त्याचे पूर्वज डेन्मार्कहून आले, की त्याआधीपासून तिथलेच होते, याबद्दल तो शब्द काहीही सांगत नाही. शब्दाची वंशावळ आणि घराण्याची वंशावळ या दोन वेगळ्या वंशावळी आहेत.

शेवटच्या 'स'चे काय? ब्रुक्स, बँक्स, होम्स, ऱ्होड्स ही सगळी जागेवरून पडलेली आडनावे, आणि सगळ्यांच्या शेवटी हा 'स' आहे. काही वेळा तो अनेकवचनाचा असेल, म्हणजे एकाहून जास्त ओहळ असलेली जागा. बऱ्याचदा मात्र तो नुसता बोलण्याच्या सवयीने चिकटलेला आहे. जुन्या कागदांत साइक, साइके, साइक्स अशी रूपे एकाच घराण्याला लावलेली सापडतात. वाय की आय, हा लिहिण्यातला फरकही लेखनिकाच्या मर्जीचा. त्यावरून दोन वेगळी घराणी मानण्यात अर्थ नाही.

जमीन काय सांगते

साइक्स हे नाव सर्वाधिक घट्ट रुजले ते यॉर्कशायरच्या पश्चिम भागात, ज्याला वेस्ट रायडिंग म्हणत, आणि त्यातही हडर्सफील्डच्या आसपास. हा पेनाइन डोंगररांगांचा पूर्व उतार. वर गवताळ, दलदलीची पठारे, खाली अरुंद दऱ्या. पाऊस भरपूर. पठारावरची दलदल पाणी धरून ठेवते आणि ते शेकडो बारीक ओहळांनी दरीत उतरते. म्हणजे साइक ही इथे दुर्मीळ गोष्ट नव्हतीच.

मग पंचाईत अशी की, शेकडो साइक असलेल्या मुलखात साइकवाला माणूसही ठिकठिकाणी असायला हवा. स्मिथ हे आडनाव असेच पसरले. गावोगावी लोहार, म्हणून गावोगावी स्मिथ, आणि एका स्मिथचा दुसऱ्याशी काही संबंध असण्याचे कारण नाही. कोशकारांनी साइक्सबद्दलही तोच अंदाज बांधला होता : अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे उगवलेले नाव.

पण या डोंगराळ मुलखाची वस्तीच वेगळ्या प्रकारची होती. मध्य इंग्लंडातल्यासारखी मोठी, एकवट गावे इथे कमी. उतारावर विखुरलेली एकेकटी घरे, त्यांच्याभोवती थोडी शेती, आणि घरात लोकर कातणे-विणणे. प्रत्येक घराला, वाडीला स्वतःचे नाव. माणसाला त्या वाडीच्या नावाने ओळखत. आर्मिटेज, बॅराक्लफ, अ‍ॅक्रॉइड, सटक्लिफ ही याच मुलखातली नावे. त्यांतली कित्येक एकाच वाडीतून निघाली आणि पुढे शेकडो घरांत पसरली. विणकामामुळे लोकांना तिथल्या तिथे पोट भरता येई, म्हणून घराणी फार लांब गेली नाहीत. मुलगे वाढले, शेजारच्या दरीत घर केले, नाव तेच राहिले. यॉर्कशायरच्या आडनावांचा आयुष्यभर अभ्यास केलेले जॉर्ज रेडमंड्स यांनी हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवली : कोशातला अर्थ एका ओळीत संपतो, आणि नाव कोणत्या दरीत, कोणत्या वाडीत रुजले हे शोधायला खरे काम लागते. मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटते.

दप्तरे काय सांगतात

इंग्लंडात पिढीजात आडनावे एका दिवसात आली नाहीत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी देश जिंकल्यावर आधी सरदारांनी आपल्या जहागिरीची नावे लावायला सुरुवात केली. सामान्य माणसांत ही रीत तेराव्या-चौदाव्या शतकात उतरली. दक्षिणेत लवकर, उत्तरेत उशिरा. १४०० च्या सुमारास बहुतेक इंग्रज कुटुंबांना आडनाव होते, तरी यॉर्कशायरच्या काही भागांत ते स्थिर व्हायला आणखी वेळ लागला.

या काळाची साक्ष देणारी वेस्ट रायडिंगमधली दोन दप्तरे फार मोलाची आहेत. पहिले, वेकफील्ड जहागिरीच्या न्यायसभेच्या नोंदी. १२७४ पासून या नोंदींची मालिका टिकून आहे, आणि ती विसाव्या शतकापर्यंत येते. जमिनीचे हस्तांतर, गुरे दुसऱ्याच्या शेतात शिरल्याचा दंड, बांधावरून भांडण, लग्नाची परवानगी, सगळे त्यात लॅटिनमध्ये लिहिलेले. दुसरे, राजाने बसवलेल्या डोईपट्टीच्या याद्या. १३७७, १३७९ आणि १३८१ अशी तीनदा ही पट्टी बसवली, तिसऱ्या वेळी शेतकऱ्यांनी बंड केले. वेस्ट रायडिंगच्या १३७९ च्या याद्या मोठ्या प्रमाणात शिल्लक आहेत, आणि त्यांत गावागणिक पट्टी भरणाऱ्यांची नावे मिळतात.

अशा कागदांत हे नाव 'डेल साइक' किंवा 'डेल साइकेस' असे भेटते. 'डेल' हा लेखनिकाच्या फ्रेंच सवयीचा शब्दयोग, अर्थ 'ओहळापासचा'. इथे वाचणाऱ्याने सावध असावे लागते. यादीत 'डेल साइक' दिसला म्हणजे ते आडनाव झाले असे नाही. त्या माणसाचे घर खरेच ओहळापाशी असेल, आणि त्याचा मुलगा टेकडीवर राहायला गेल्यावर 'हिल' म्हणवला जात असेल. नाव पिढीजात झाले हे तेव्हाच म्हणता येते, जेव्हा बाप आणि मुलगा दोघेही त्याच नावाने नोंदलेले दिसतात, किंवा ओहळ मागे सोडून दुसऱ्या गावी गेलेल्या माणसालाही ते चिकटून राहते. 'डेल' गळून नुसते 'साइक' उरणे ही त्याची एक खूण.

साइक्सांचे जुने मूळ ज्या गावांशी जोडले जाते त्यांत फ्लॉक्टन, स्लेथवेट आणि सॅडलवर्थ ही नावे येतात. स्लेथवेटला स्थानिक लोक स्लॉविट म्हणतात. ते हडर्सफील्डच्या पश्चिमेला कोन नदीच्या दरीत आहे. फ्लॉक्टन हडर्सफील्ड आणि वेकफील्ड यांच्या मधे. सॅडलवर्थ डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, पूर्वी यॉर्कशायरमध्ये आणि १९७४ पासून ग्रेटर मँचेस्टरमध्ये. नकाशावर ही गावे फार दूर नाहीत, पण तेराव्या शतकातल्या शेतकऱ्यासाठी ती वेगवेगळी जगे होती. कागदांवर विसंबून राहायचे तर निष्कर्ष सरळ होता : किमान दोन-तीन वेगळे साइक्स, वेगळ्या ओहळांवरचे.

१३४८-४९ ची महामारी मधे येते हेही विसरता कामा नये. देशाची तिसरा हिस्सा ते निम्मी लोकसंख्या गेली. नुकतीच रुजू लागलेली कित्येक आडनावे त्या दोन वर्षांत धुऊन निघाली. जी उरली, त्यांतही एका नावाची तीन घरे असतील तर त्यांतले एखादेच तगले असेल. पुढे या गोष्टीला महत्त्व येणार आहे.

अठ्ठेचाळीस पुरुषांची साक्ष

सर रिचर्ड यांच्याशी ठसा जुळल्यावर ब्रायन साइक्स आणि त्यांच्या सहकारी कॅथरीन इरव्हेन यांनी उत्तर इंग्लंडातल्या साइक्स आडनावाच्या पुरुषांना, नात्यागोत्याचा विचार न करता सरमिसळ निवडून, पत्रे पाठवली. ज्यांनी गालातल्या पेशींचे नमुने पाठवले त्यांतल्या ४८ जणांच्या वाय गुणसूत्राची तपासणी झाली. निष्कर्ष २००० साली अमेरिकेतल्या मानवी जनुकशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकात आले.

तपासणीची पद्धत अशी. वाय गुणसूत्रावर काही ठिकाणी डीएनएचा एक छोटा तुकडा लागोपाठ अनेकदा आलेला असतो. कोणाकडे तो ११ वेळा, कोणाकडे १३ वेळा. हा आकडा बापाकडून मुलाकडे तसाच येतो, क्वचित कधी एकाने वाढतो किंवा घटतो. अशा चार जागा निवडल्या की प्रत्येक पुरुषासाठी चार आकड्यांचा एक ठसा तयार होतो.

४८ पैकी २१ जणांचा ठसा हुबेहूब एक निघाला. म्हणजे ४४ टक्क्यांच्या आसपास. आणि त्याच परिसरातल्या, पण दुसऱ्या आडनावांच्या पुरुषांत, तसेच ब्रिटनभरातून घेतलेल्या तुलनेच्या नमुन्यांत हा ठसा कोणाकडेच आढळला नाही. उरलेल्या साइक्सांचे ठसे मात्र चारचौघांसारखे, विखुरलेले.

ब्रायन साइक्स यांनी यावरून असे म्हटले की आजच्या सगळ्या साइक्सांचा मूळपुरुष एकच. कागदांवरून बांधलेला अनेक उगमांचा अंदाज चुकीचा. मग ज्यांचा ठसा जुळत नाही त्या निम्म्याहून थोड्या जास्त लोकांचे काय? त्यांचे उत्तर असे की गेल्या ७०० वर्षांत मधेमधे नाव आणि रक्त यांची फारकत होत गेली, आणि ती साचत साचत इथवर आली. त्यांच्या हिशोबाने ही फारकत पिढीमागे सरासरी १.३ टक्के.

निकाल कसा वाचावा

हा निकाल विलक्षण आहे, यात शंका नाही. तेराव्या शतकातला एक माणूस, ज्याचे नाव-गाव कोणाला सांगता येत नाही, आज एकमेकांना न ओळखणाऱ्या २१ पुरुषांच्या पेशीत एकाच ठशाने हजर असतो. पण ४८ नमुन्यांवरून काय सिद्ध होते आणि काय नाही, हे वेगळे काढले पाहिजे.

सिद्ध काय होते? आजच्या साइक्सांचा मोठा गट एका पुरुषाचा वंश आहे. तुलनेच्या नमुन्यांत तो ठसा मुळीच नसणे हा भक्कम पुरावा आहे, कारण ठसा प्रदेशात सर्रास असता तर योगायोगाने जुळला असे म्हणता आले असते.

पण साइक्स नाव घेणारा *पहिला आणि एकमेव* पुरुष तोच होता, हे मात्र यातून सिद्ध होत नाही. १८७०च्या दशकात फ्रान्सिस गॉल्टन आणि गणिती हेन्री विल्यम वॉटसन यांनी आडनावे नाहीशी कशी होतात याचा गणिती विचार केला होता. एखाद्याला चार मुलगे, एखाद्याला एकही नाही, एखाद्याच्या चारही मुलांना मुलीच. नुसत्या योगायोगाने, कोणताही दोष किंवा गुण नसताना, बहुतेक पितृवंश काही पिढ्यांत संपतात आणि थोडे फोफावतात. समजा १३०० साली फ्लॉक्टन, स्लेथवेट आणि सॅडलवर्थ इथे तीन वेगळे साइक्स होते. महामारी, गरिबी आणि योगायोग यांतून एकाचा वंश पुढे हजारोंनी वाढला, दुसऱ्याचा जेमतेम तगला, तिसऱ्याचा संपला. ७०० वर्षांनी नमुने घेतले तर चित्र असेच दिसेल : एक मोठा गट आणि भोवती विखुरलेले ठसे. म्हणजे कागद चुकीचे होते असे मानायची गरज उरत नाही. तीन उगम आणि एक वरचढ वंश, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

दुसरी मर्यादा तांत्रिक आहे. चार जागा त्या काळी ठीक होत्या, आज वंशशोधासाठी ३७, १११ आणि त्याहून जास्त जागा तपासतात. चार आकडे जुळले म्हणजे नाते आहे एवढे कळते. ते ३०० वर्षांपूर्वीचे की ७००, हे इतक्या थोड्या जागांवरून नेमके ठरत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तांत्रिक भाषेत त्या १.३ टक्क्याला जे नाव आहे त्याचा अर्थ होतो 'बाप दुसराच'. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच व्यभिचार येतो, आणि त्याचा ठपका घरातल्या बाईवर जातो. प्रत्यक्षात ठसा न जुळण्याची कारणे पुष्कळ आहेत. लग्नाआधी झालेल्या मुलाला इंग्लंडात सहसा आईचे आडनाव लागे. ते मूल मुलगा असेल तर साइक्स नाव एका साइक्स बाईकडून, पूर्ण उघडपणे आणि चर्चच्या नोंदवहीत लिहून, पुढे गेले, आणि वाय गुणसूत्र दुसऱ्याचे आले. विधवेने पुन्हा लग्न केल्यावर तिच्या मुलांनी सावत्र बापाचे नाव लावले. पोरके झालेले मूल मामाने वाढवले. जमीन वारशाने मिळावी म्हणून जावयाने सासऱ्याचे आडनाव घेतले. आणि वर सांगितले तसे, दुसऱ्या ओहळावरचा दुसराच साइक्स, ज्याच्या बाबतीत काहीच बिघडले नव्हते. हे सगळे एका आकड्यात कोंबून त्याला बेइमानीचे मोजमाप म्हणणे अन्यायाचे आहे. शिवाय तो आकडा मूळपुरुष एकच होता या गृहीतावर उभा आहे. ते गृहीत हलले की आकडा हलतो.

साखळी तुटणे हे फक्त विणकरांच्या घरी झाले असेही नाही. २०१२ साली लेस्टर शहरात गाडीतळाखाली तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा सापडला. आईकडून येणाऱ्या डीएनएने ओळख पटली. पण ज्या सरदार घराण्याची वंशावळ कागदोपत्री राजाच्या पितृवंशाशी जोडली जाते, त्यातल्या आजच्या पुरुषांचे वाय गुणसूत्र राजाशी जुळले नाही. २०१४ साली हे जाहीर झाले. शतकांची मोहोरबंद कागदपत्रे असलेल्या घराण्यात कुठेतरी दुवा सुटला होता.

लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली ४० ब्रिटिश आडनावांचा एकत्र अभ्यास मांडला. त्यातून साइक्स प्रकरणाला योग्य चौकट मिळाली. स्मिथसारख्या अतिशय सर्रास आडनावाच्या पुरुषांत समान वंशाची खूण दिसली नाही, रस्त्यावरच्या कोणत्याही दोन माणसांइतकेच ते वेगळे. नाव जितके दुर्मीळ तितके ठसे जुळण्याचे प्रमाण जास्त. अ‍ॅटनबरो या आडनावात दहापैकी जवळजवळ नऊ पुरुष एका गटात आले, स्पेलिंग वेगळे असले तरी. आणि दुर्मीळ नावांत एकच मोठा गट दिसण्यामागे मुख्यतः योगायोगाने होणारी वंशांची गळती आहे, हेही त्यांनी मांडले. साइक्स हे नाव दुर्मीळ नाही. स्मिथइतके सर्रासही नाही. त्या मानाने ४४ टक्के जुळणे खूपच जास्त आहे. त्याचे कारण मला त्या डोंगरउतारावरच्या, घरच्या मागावर जगणाऱ्या, दरी न सोडणाऱ्या वस्तीत दिसते.

तेच नाव, वेगळी घरे

आडनावाचा शोध घेताना लोक प्रसिद्ध माणसापासून सुरुवात करतात, आणि तिथेच वाट चुकते. साइक्स म्हटले की इतिहासाच्या वाचकाला सर मार्क साइक्स आठवतात. १९१६ साली फ्रान्सच्या पिको यांच्यासोबत त्यांनी ऑटोमन साम्राज्याचे अरब प्रदेश वाटून घेण्याचा करार केला. ते यॉर्कशायरच्या पूर्व भागातल्या स्लेडमियरच्या सरंजामी घराण्यातले. हे घराणे लीड्समध्ये कापडाच्या व्यापारावर वर आले, आणि घरात चालत आलेली कथा आपले मूळ उत्तरेला कार्लाइलजवळ सांगते. हडर्सफील्डच्या विणकर साइक्सने ही वंशावळ स्वतःच्या नावापुढे जोडावी याला काहीच आधार नाही. मानचिन्हांचेही तसेच. 'साइक्स घराण्याचे मानचिन्ह' म्हणून चौकटीत घालून विकले जाते, पण इंग्लंडात मानचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते. मानचिन्हे बहाल करणारे, १४८४ साली स्थापन झालेले लंडनचे कॉलेज ऑफ आर्म्स आजही याच नियमाने चालते.

मराठी वाचकाला मात्र आणखी एक साइक्स जवळचा वाटावा. विल्यम हेन्री साइक्स, जन्म १७९०, घर वेस्ट रायडिंगमध्येच, ब्रॅडफर्डजवळ. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत ते कोवळ्या वयात दाखल झाले आणि १८१७ च्या खडकी आणि पुण्याच्या लढायांत इंग्रजांच्या बाजूने लढले. १८२४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांना दख्खनची माहिती आणि आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमले. पुढची काही वर्षे ते पुणे, नगर, खानदेश, धारवाड असे हिंडत लोकसंख्या, शेतसारा, पिके, हवामान, पशुपक्षी टिपत राहिले. १८३२ मध्ये त्यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, आणि तुरा असलेला एक छोटा चंडोल आजही इंग्रजीत त्यांच्याच आडनावाने ओळखला जातो.

माशांच्या नावांत त्यांनी केलेले काम मला विशेष वाटते. दख्खनच्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय वर्णने करताना त्यांनी कित्येक जातींना इथल्या लोकांच्या तोंडचीच नावे दिली. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला महसीर शास्त्रात 'टॉर खुद्री' झाला. 'कोळस', 'नुक्ता' ही नावेही अशीच लॅटिन वळणाने जगभरच्या यादीत गेली. ज्या मुलखात गावठी शब्दांवरूनच माणसांची आडनावे पडली होती, तिथला हा माणूस. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष झाले, लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीचेही अध्यक्ष झाले, अ‍ॅबर्डीनचे खासदार म्हणून १८७२ साली वारले.

पुढे काय तपासावे

आडनाव पितृवंशाची एकच दोरी दाखवते. २३ पिढ्या मागे गेले तर हिशोबाने एका माणसाचे ८० लाखांहून जास्त पूर्वज निघतात. प्रत्यक्षात तीच माणसे अनेकदा मोजली जातात हे धरले तरी आडनाव त्यांतल्या एकाकडूनच आलेले असते. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांनाही ही मर्यादा आहेच.

साइक्स प्रकरणात अजून करण्यासारखे काम उरते ते नेमके आहे. फ्लॉक्टन, स्लेथवेट आणि सॅडलवर्थ या तिन्ही बाजूंची अशी घराणी निवडावीत, ज्यांची वंशावळ चर्चच्या नोंदवह्यांतून मागे नेता येते. या नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा, म्हणजे तिथवर तरी माग लागण्याची आशा असते. मग त्या घराण्यांतल्या आजच्या पुरुषांची तपासणी चारऐवजी शंभराहून जास्त जागांवर व्हावी. २१ जणांचा ठसा एकाच दरीत दाट आणि दुसऱ्या दोन गावांच्या घराण्यांत वेगळाच, पण तिथे आपापसात सारखा असा निघाला, तर कागद बरोबर होते, एक वंश नुसता वरचढ झाला, असे ठरेल. तिन्हीकडे तोच ठसा निघाला तर ब्रायन साइक्स बरोबर होते, आणि त्या एका माणसाची मुलेनातवंडेच डोंगर ओलांडून तिन्ही गावांत गेली होती. तोवर कोशातल्या नोंदीत 'उत्तर इंग्लंड, ओहळाकाठी राहणारा, एकाहून जास्त ठिकाणी उगम संभवतो' हे शब्द राहू द्यावेत, आणि त्यापुढे 'आजच्या धारकांपैकी जवळजवळ निम्मे एकाच पुरुषाचे वंशज' एवढे जोडावे, असे माझे मत आहे.